कापूसभरल्या घरातला कॉम्प्युटर

त्या साली दिवाळी होऊन महिना उलटला तरी कापूस घरातच होता. सरकारी खरेदी आज सुरू होते, उद्या होते, असं मारेगावहून येणारा प्रत्येक माणूस सांगायचा. व्यापारी जो भाव बोलत होते तो ऐकून कोकिळेचा नवरा घनश्याम एकदा भरलेली गाडी तशीच परत घेऊन आला होता. शेतात पऱ्हाटीवरची वेचणी थांबत नव्हती. कापूस आधी मधल्या खोलीत पडला, मग पलंग ओसरीत आला, मग शेजारची खोलीही गेली. ढीग खिडकीच्या गजांवर चढला आणि एक दिवस छताच्या आडव्या लाकडी मयालीला टेकला. घरात बोललेलं कापूस पिऊन टाकायचा. कोकिळेची सासू शकुबाई चुलीपाशी भांडं आपटायची, तरी ओसरीतल्या माणसाला ते कुठंतरी लांब, दुसऱ्याच गावात वाजल्यासारखं वाटायचं.

दुपारची जेवणं आटोपली की कोकिळा त्या ढिगावर चढून आडवी व्हायची. अंगाला खाज सुटे, नाकात तंतू जात, पण पाठ टेकली की शरीर हळूहळू खाली उतरायचं आणि तिला वाटायचं, आता जमिनीला पोचायला बराच वेळ आहे. त्या वेळात ती डोळे मिटून कॉम्प्युटर जुळवायची.

हे वेड दोन वर्षांपूर्वीचं. मारेगावला एमएस-सीआयटीचा कोर्स करत असताना एकदा मास्तरांनी धूळ साफ करायला एका यंत्राची बाजूची पत्री काढली होती. बाकीच्या बाया चहाला गेल्या. कोकिळा तिथंच थांबली. आत एक हिरवी पाटी होती आणि तिच्यावर सोन्याच्या धाग्यासारख्या शेकडो वाटा होत्या, शेजारून जाणाऱ्या, वळणाऱ्या, पण एकमेकींना कुठंही न छेदणाऱ्या. लग्न ठरलं तेव्हा ती वणीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. फिजिक्सच्या प्रयोगशाळेत गॅल्व्हानोमीटरचा काटा पहिल्यांदा हलला तेव्हा ती अशीच वाकून पाहत राहिली होती, अठरा वर्षांनी पुन्हा तशीच पाहत राहिली. मास्तरांनी पत्री लावून टाकली तेव्हा तिला कोणीतरी दार लोटून घेतल्यासारखं वाटलं.

त्या दिवशी तिनं ठरवलं की आपला कॉम्प्युटर आपण स्वतः जोडायचा. गावातल्या दहावीच्या मुलींना ती घरी विज्ञान शिकवायची, ते पैसे तिचे तिच्याजवळ होते. ते घरात कोणी मागितलेही नव्हते. घनश्यामनं फक्त एवढंच विचारलं, "तयार भेटते ना वणीले? मंग सुटा कायले?"

"तयार म्हंजे बंद डब्बा," ती म्हणाली. "आत जे हाय ते मी निवडलेलं पाह्यजे, मी लावलेलं पाह्यजे."

घनश्यामला ते पटलं की नाही कोण जाणे, पण तो अडवणाऱ्यातला नव्हता. गावानं आपल्यापुरतं ठरवून टाकलं की लेकीसाठी चाललंय. लेक प्रेरणा वणीला वसतिगृहात राहून अकरावी करत होती. कोकिळेनं कोणाचं म्हणणं खोडून काढलं नाही. स्वतःसाठी घेतेय असं सांगितलं असतं तर पुढं दहा प्रश्न आले असते.

दर शनिवारी प्रेरणाला डबा द्यायला ती काळीपिवळी जीपनं वणीला जायची. डबा दिला की गांधी चौकामागच्या गल्लीत रामलालच्या दुकानात. रामलाल पन्नाशीचा, आधी रेडिओचे सुटे भाग विकायचा, आता कॉम्प्युटरचे. दुकान लांबट आणि अंधारं, आत शिरलं की नव्या प्लास्टिकचा आणि उदबत्तीचा एकत्र वास यायचा. पहिल्या दिवशी त्यानं तिला इतरांसारखं गिऱ्हाईक समजून भराभर चार नावं सांगितली. तिनं एकेक वस्तू हातात मागितली. मदरबोर्ड कडांना धरून उजेडाकडे केला आणि कितीतरी वेळ पाहत राहिली. रामलालनं दुसरं गिऱ्हाईक आटोपलं, तिसरं आटोपलं, तरी ती पाहतच होती.

"देखो ताई," तो शेवटी म्हणाला, "लोक इथं किंमत पाहतात. तुम्ही काय पाहून राह्यल्या?"

"कोणती वाट कुठं जाते ते," ती म्हणाली आणि लाजली.

रामलाल हसला नाही. त्यानं स्टूल पुढं सरकवलं.

असं दिवाळीआधीपासून चाललं होतं. आठवडाभर ती मनात जुळवायची आणि शनिवारी तिथं जाऊन मोडायची. प्रोसेसर घ्यायचा तर तो बसेल असाच मदरबोर्ड हवा, मदरबोर्ड ठरला की त्यात बसेल तीच रॅम. एक बदललं की तिन्ही बदलायची. तिला त्याचा कंटाळा येत नसे. कापसावर पडून ती त्या हिरव्या पाटीवरच्या वाटांनी चालायची. वाटेत चौकोनी काळी घरं लागायची, उभ्या टाक्या लागायच्या, कुठं पंख्याचा वारा लागायचा. कधी ती इतकी आत जायची की शकुबाईनं चहासाठी मारलेली हाक तिला त्याच गावातून आल्यासारखी वाटायची.

रामलालचा आग्रह मोठ्या प्रोसेसरचा होता. सगळे तोच नेतात, म्हणायचा. कोकिळेनं मात्र मधला घेतला आणि वाचलेले सगळे पैसे वीज सांभाळण्यात घातले. तिच्या गावात दिवसातले बारा तास वीज नसायची. असायची तेव्हा कधी बल्ब निखाऱ्यासारखा लाल व्हायचा, तर कधी डोळे दिपवायचा. म्हणून तिनं यंत्राला वीज पुरवणारा एसएमपीएस जड, भरीव निवडला. रामलालनं पुढं केलेले दोन हलके तिनं हातात तोलूनच परत केले. वीज गेली तरी यंत्र काही मिनिटं चालू ठेवणारा यूपीएसही घ्यायचं ठरवलं. कॅबिनेट निवडताना तिनं रंग पाहिला नाही. समोरून हवा कुठून शिरते, मागून कुठून निघते, आणि शिरण्याच्या जागी जाळी लावता येईल का, एवढंच पाहिलं.

"धूळ लय हाय का घरी?" रामलालनं विचारलं.

"कापूस हाय," ती म्हणाली. "मयालीपर्यंत."

त्यानं जाळी मोजायला घेतली. वणीत तेव्हा सगळ्यांनाच कापसाचं काय चाललंय ते ठाऊक होतं. पेपरात रोज त्याच बातम्या असायच्या. त्या एका महिन्यात घनश्याम आसपासच्या गावांत शेतकऱ्यांच्या दोन तेरव्यांना जाऊन आला होता. दुसऱ्या तेरवीहून आला तेव्हा तो जेवला नाही, ओसरीतल्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला. त्या शनिवारी कोकिळेनं वणीला जाऊन डबा दिला आणि रामलालच्या गल्लीत न वळता परत आली. अशा साली आपण काय निवडत बसलोय, असं तिला झालं होतं. पुढचा शनिवारही तसाच गेला. तिसऱ्या आठवड्यात घनश्यामच म्हणाला, "तुहा तो डब्बा अर्धाच राह्यला का?" ती म्हणाली, राहू द्या. त्यावर तो म्हणाला, "जाय. घरात कोणाचं तरी काहीतरी होऊन राह्यलं, हे पाहाले बरं वाटते मले."

मग ती पुन्हा गेली.

एकेक भाग घरी येऊ लागला. मॉनिटर घनश्यामनं मोटारसायकलवर मागं बांधून आणला. बाकीचं कोकिळेनं मांडीवर घेऊन आणलं. कापूस शिरला नव्हता अशी एकच जागा घरात उरली होती, स्वयंपाकघराला लागून असलेली धान्याची कोठी. तिथं एका लाकडी पेटीवर तिनं सगळं रचून ठेवलं. मदरबोर्ड आणि रॅम त्यांच्या रुपेरी पिशव्यांत तशीच ठेवली. फक्त यूपीएस घ्यायचा राहिला होता. तो आणायला ती पुढच्या शनिवारी गेली.

ती परत आली तेव्हा ऊन कलत होतं. यूपीएस जड होता, तो ओसरीत ठेवून ती कोठीत गेली. पेटीवर रुपेरी पिशव्या नीट घडी घालून ठेवलेल्या होत्या. शेजारी एक नवी दुरडी होती. दुरडीत पांढराशुभ्र, निवडलेला, वाळल्या पत्तीचा कणही नसलेला कापूस पसरला होता आणि त्यात तान्ह्या बाळासारखा मदरबोर्ड निजवलेला होता. रॅम त्याच्या कुशीत. वरून पुन्हा कापसाची पातळ दुलई.

शकुबाई मागून आली. "प्लास्टिक घाम धरते व," ती म्हणाली. "बियाणं सडते त्याच्यात. तू इतक्या जपून आणून राह्यली, म्हणून म्या काढून ठेवलं. पहिल्या वेच्याचा कापूस हाय, मऊ."

कोकिळा दुरडीपाशी वाकली. कोरडी हवा, कोरडा कापूस, त्यावर घासलेली वस्तू. शिकायला येणाऱ्या मुलींना कंगव्यानं कागदाचे कपटे उचलून दाखवताना ती दरवर्षी हेच शिकवत आली होती. स्थिर विजेची, डोळ्यांना दिसत नाही अशी एक ठिणगी पुरे होती; रुपेरी पिशव्या तिच्याचसाठी होत्या. तिनं दुरडी उचलली, खाली ठेवली. पहिला वेचा सासू दरवर्षी देवाच्या वातींसाठी वेगळा काढायची, हे तिला माहीत होतं. त्यातलाच कापूस होता तो.

"बरं केलं, आत्याबाई," ती म्हणाली आणि पाणी प्यायला गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार. अकरा ते तीन वीज होती. कोकिळेनं कोठीच्या दारात सतरंजी न टाकता शेणानं सारवलेल्या जमिनीवर लाकडी पाट मांडला, डोक्याला घट्ट फडकं बांधलं, आणि अंगातली वीज जमिनीत उतरावी म्हणून मध्येमध्ये हातपंपाच्या लोखंडाला हात लावून येत होती. मऊ ब्रशनं तिनं प्रत्येक खाचेतला तंतू काढला. मग जोडत गेली. इतक्या वेळा मनात जोडलेलं होतं की हातांना विचार करावा लागला नाही. प्रोसेसर आपल्या जागी अलगद बसला. रॅम दोन्ही बाजूंनी टक् टक् करून अडकली. वायरी जिथल्या तिथं गेल्या. घनश्याम दाराशी उभा होता, शकुबाई उंबऱ्यावर बसली होती. तिनं बटण दाबलं.

पंखा फिरला. हिरवा दिवा लागला. पडदा काळाच राहिला आणि आतून एक लांब सूर आला, मग दुसरा, मग तिसरा, न थांबता.

लांब सूर म्हणजे रॅम, हे तिनं वाचलेलं होतं. तिनं ती काढली, पुसली, दुसऱ्या खाचेत लावली. तेच. तीन वाजेपर्यंत तेच. वीज गेली तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं.

शकुबाई अडुसष्ट वर्षांची होती आणि तिनं आदल्या संध्याकाळचं सुनेचं तोंड पाहिलं होतं. भाकरी थापताना तिनं विचारलं, "माह्या कापसानंच झालं ना?"

कोकिळेनं आधी नाही म्हटलं. मग तिला वाटलं, ह्या बाईला खोटं सांगून आपण तिला लहान करतोय. "झालं असन," ती म्हणाली. "तुम्हाले ठाऊक नव्हतं. मले ठाऊक होतं, म्या सांगाले पाह्यजे होतं."

शकुबाईनं भाकरी तव्यावर टाकली. ती उलटवत म्हणाली, "शनिवारी मी येतो संग. माह्यानं गेलं तं मीच निवडून आणतो."

शकुबाई वणीला यापूर्वी दवाखान्यासाठी आणि लग्नांसाठी गेली होती. काळीपिवळीत ती रॅमची डबी पदराच्या गाठीत बांधून, दोन्ही हातांनी धरून बसली होती. दुकानात शिरण्याआधी कोकिळेच्या मनात एक गोष्ट येऊन गेली. रॅम मुळातच बिघडलेली निघाली असं म्हटलं तर रामलाल कंपनीकडून बदलून देईल. कोणाला कळणार होतं? पण तिला तोंड उघडावंच लागलं नाही. शकुबाईनं गाठ सोडून डबी काउंटरवर ठेवली आणि सरळ सांगून टाकलं की हे तुमच्याकडून चांगलं आलं होतं, म्या कापसात ठेवलं, म्हणून मेलं.

रामलालनं कोकिळेकडं पाहिलं. मग त्यानं दुकानातल्या चालू यंत्रात ती पट्टी लावून पाहिली, मान हलवली आणि मागच्या कपाटातून तीन पट्ट्या काढून शकुबाईपुढं मांडल्या. कशी धरायची ते दाखवलं. कडांना, बोटांच्या टोकांनी, चमकत्या दातांना न शिवता. शकुबाईची बोटं जाड, भेगाळलेली. पण साठ वर्षं बोंडातून कापूस पत्ती न लागता काढणारी. तिनं पहिली पट्टी अशी उचलली की रामलालचा पुढं आलेला हात आपोआप मागं गेला.

"हे करते काय?" तिनं विचारलं.

रामलालनं सांगितलं की यंत्र चालू असताना जे जे काम चाललं आहे ते सगळं हीच लक्षात ठेवते.

"आन लाइन गेली तं?"

"तो सब भूल जाती है, माय. काहीच राहत नाही."

"मंग दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी नव्यानं."

शकुबाई पट्टी हातात घेऊन बसून राहिली. गल्लीतून सायकली जात होत्या, त्यांच्या घंट्या ऐकू येत होत्या. तिचा नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. तो शेवटी शेवटी तिलाही ओळखत नव्हता, सकाळी तिला विचारायचा, बाई, तुम्ही कोणाकडच्या? आणि ती रोज सांगायची. हे कोकिळेला ठाऊक होतं.

"हे दे," शकुबाई म्हणाली. "हे हलकं वाटते हाताले. आन लावून दाखव आधी."

रामलालनं लावून दाखवलं. पडदा उजळला. तिनं दोनदा बंद-चालू करायला लावलं, मगच हो म्हटलं. पैसे देताना दोघी सासू-सुनांत ओढाताण झाली आणि शकुबाईचंच खरं झालं. निघताना रामलालनं जुनी पट्टीही कागदात गुंडाळून दिली. कंपनीला खोटं लिहिता येणार नाही, पण मुलींना शिकवताना दाखवायला कामी येईल, म्हणाला.

रविवारी पुन्हा अकराला वीज आली. या वेळी एकच सूर वाजला, छोटासा, पाखरासारखा, आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावू लागली. घनश्यामनं विचारलं, हे बरोबर की चूक? कोकिळा म्हणाली, बरोबर. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तिला ते पुसायचं नव्हतं. सीडी घालून सगळं चढवायला दीड तास लागला. तो दीड तास ती पडद्यावर पुढं सरकणारी पट्टी पाहत राहिली. घनश्याम मध्येच उठून शेतात जाऊन आला तरी ती तिथंच होती.

चार दिवसांनी खरेदी केंद्र उघडलं. भाव मनासारखा नव्हता, पण कापूस गेला. दोन दिवस गाड्या भरल्या, घर आवाजानं पुन्हा भरलं, भांडी भांड्यांसारखी वाजू लागली. पलंग आत आला. कॉम्प्युटर कोठीतून मधल्या खोलीत खिडकीपाशी मांडला. कोकिळेनं कॅबिनेटची बाजूची पत्री लावलीच नाही. मुली शिकायला आल्या की त्यांना आत पाहता यावं म्हणून, असं ती सांगायची. पण कोणी नसताना तीच जास्त पाहायची. दुपारी आता ढीग नव्हता, तरी ती त्या पाटीसमोर पाटावर बसली की तिचं शरीर पूर्वीसारखंच हळूहळू उतरू लागे.

अशाच एका दुपारी तीनला नेमानं वीज गेली. यूपीएस टिकटिकायला लागला. दहा मिनिटांची बॅटरी होती. कोकिळा बंद करायला उठणार तेवढ्यात शकुबाई म्हणाली, मले दाखव कसं बंद करते ते.

कोकिळेनं तिच्या हाताखाली माउस दिला आणि वरून आपला हात ठेवला. खालच्या कोपऱ्यातलं स्टार्ट दाबायचं, असं सांगून तिनं त्याचा अर्थही सांगितला.

"बंद कराले सुरू दाबाचं?" शकुबाईनं विचारलं.

"हो."

शकुबाईनं माउस हलवला तसा पडद्यावरचा बाण हलला. कोकिळेनं हात काढून घेतला. पडद्यावरच्या चित्रात निळं आभाळ होतं, खाली मोठी हिरवी टेकडी. शकुबाईचा बाण खालच्या कोपऱ्याकडं न जाता टेकडीवर चढू लागला. सावकाश, थांबत थांबत, चढ लागल्यासारखा. मध्येच घसरला, पुन्हा वर गेला. यूपीएसची टिकटिक वाढली. बॅटरी संपली तर यंत्र धाडकन बंद होईल, तसं होऊ देऊ नये, हे कोकिळेला माहीत होतं. तिनं घाई केली नाही.

"कोणाचं वावर हाय हे?" शकुबाईनं विचारलं.

"ठाऊक नाही."

"पेरलं काय हाय?"

"गवत असन."

"पऱ्हाटी नाही?"

"नाही."

"बरं हाय," शकुबाई म्हणाली आणि बाण टेकडीच्या माथ्यावर नेऊन ठेवला.